आईला वाचायला वेळ देणाऱ्या ताईंस

प्रिय ताई,

तुमचं नाव मला माहीत नाही. सांगलीकडच्या आहात, एवढंच कळलं. तरी तुम्ही आईसाठी केलेल्या मराठी सबटायटल्सवर तिने रविवारी जपानी सिनेमा पाहिला, तेव्हापासून आमच्या घरात तुमचाच विषय आहे.

आई ७६ वर्षांची. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकली. घरात आम्ही कोकणी बोलतो, पण तिचं वाचन सगळं मराठीत, पोथीपासून पेपरापर्यंत. नात जपानी सिनेमा लावायची तेव्हा ही शेजारी बसायची आणि इंग्रजी ओळ येऊन गेली की विचारायची, "कितें म्हळें गो?"

मराठी सबटायटल्ससाठी मी एका कंपनीला तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा तेच छापील उत्तर. एका जाणकाराने तर मलाच विचारलं, मराठी वाचत जपानी सिनेमा बघणार कोण? माझी आई बघणार होती. तिची गणती कुणी केलीच नाही, याचा राग अजून जात नाही.

तुम्हाला हे कळवलं, तेव्हा तुम्ही एकच विचारलंत: "आईंना एक ओळ वाचायला किती वेळ लागतो?"

त्या संध्याकाळी मी पेपर आईच्या हातात दिला आणि मोबाइलवर वेळ लावली. बोट ठेवून, ओठ हलवत तिने सात शब्द वाचले. सहा सेकंद. तेवढं तुम्हाला कळवलं. आठवड्याने सबटायटल्सची फाइल आली. हायाओ मियाझाकींच्या १९८८ च्या 'माय नेबर टोटोरो' या सिनेमाची डीव्हीडी घरात होतीच. तुमची फाइल मी उघडून पाहिली. प्रत्येक ओळीची सुरुवातीची नि शेवटची वेळ तुम्ही हाताने बदलली होती. पुढे शांतता असेल तिथे ओळ थांबवून धरलीत, नसेल तिथे शब्द कमी केलेत. हे कुणी सांगितलं होतं तुम्हाला?

घरात शिरताना जपानी माणूस 'तादाइमा' म्हणतो. तिथे तुम्ही नुसतं "आले गं!" लिहिलंत. आईने वाचलं आणि खुर्चीतूनच पडद्याला विचारलं, "आयलें गो?" पावसात बसस्टॉपवर मुली बाबांची वाट बघतात, तिथे तर तिने पदर डोळ्यांना लावला. आमच्याकडचा पाऊसही तसाच लागतो.

तुम्हीच लिहिलं होतंत, पूर्वी परदेशातले हौशी लोक जपानी कार्टूनांवर भाषांतर चढवून व्हीएचएस कॅसेटी टपालाने एकमेकांना पाठवायचे. आता इंटरनेटवरून फाइल क्षणात येते. पण तिच्यामागे तुमच्यासारखं कुणीतरी रात्री जागलेलं असतं, पैसा न घेता, ओळखदेख नसताना. २०१९ मध्ये हजारो भारतीयांनी ऑनलाइन सह्या केल्या, म्हणून जपानी दिग्दर्शक माकोतो शिंकाईंचा 'वेदरिंग विद यू' हा सिनेमा आपल्याकडे थिएटरात लागला. तीही अशीच माणसं. इतकी चांगली माणसं आहेत, हे मला फार उशिरा कळलं.

आईने यंदाची कोकमाची सोलं तुमच्यासाठी वेगळी बांधून ठेवली आहेत. पत्ता कळवा.

तुमची,
सत्तरीची एक लेक