पुऱ्यांची जुनी नावे नोंदीत तरी राहू द्या

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य शासनाने डिसेंबर 2020 मध्ये घेतला आणि उशिरा का होईना, तो योग्यच होता. पत्ता सांगतानाच ज्यांना जात सांगावी लागे, त्यांच्यासाठी समतानगर किंवा भीमनगर ही नुसती पाटी नाही. मात्र आमच्या भागात या निमित्ताने, जातीशी काडीचाही संबंध नसलेली नावे पुसण्याची हौस काहींना आली आहे.

अचलपूर, म्हणजे जुने एलिचपूर, ही वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी. तिथले सुलतानपुरा, बिलनपुरा, सरमसपुरा हे पुरे, म्हणजे जुन्या वस्त्या, आजही लोकांच्या तोंडी आहेत आणि आसपासच्या खेड्यांतही पुऱ्यांचा तोच शिरस्ता आहे. आमच्या गावात आखराकडे जाणाऱ्या रस्त्याला एका पुढाऱ्याच्या वाढदिवशी त्यांच्याच नावाची पाटी लागली (पुढारी हयात आहेत, हे विशेष!). गुरे जमायची ती जागा प्लॉट पडून कधीच गेली; रस्त्याचे नाव तेवढे उरले होते. आता घराच्या नमुना 8 मध्ये (ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या नोंदीत) एक पत्ता, आधार कार्डावर दुसरा आणि वीजबिलावर तिसरा, त्यामुळे वारसाची नोंद करताना म्हाताऱ्या माणसांना हेलपाटे पडतात.

जातिवाचक नाव पाटीवर नकोच. पण कोणतेही नाव बदलण्यापूर्वी विषय ग्रामसभेपुढे यावा आणि पूर्वीचे नाव, ते बदलल्याच्या तारखेसह, ग्रामपंचायतीच्या दप्तरात नोंदवून ठेवावे, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, ता. अचलपूर, जि. अमरावती