वनमंत्र्यांना खुले पत्र : लेंड्या मोजता, तशा तपासाही

मा. वनमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

ताडोबाच्या बफरमधल्या गावांत मी बरीच वर्षं गुरांची औषधं घेऊन फिरलो. वाघाबद्दल आपल्याला रोज कुणी ना कुणी लिहीत असेल. मी जंताबद्दल लिहितोय.

पावसाळ्यात सकाळी गावाच्या बोडीवर, म्हणजे छोट्या तळ्यावर, उभं राहून बघा. चिखलात चितळांच्या खुरांचे ठसे ताजे असतात, आणि दहाच्या सुमारास त्याच गवतावर बकऱ्या येतात. लेंड्यांतून पडलेली जंताची अंडी ओल आणि ऊब मिळाली की फुटतात. आठवड्याभरात अळ्या तयार होऊन दवाच्या ओलीतून पात्यावर चढतात. पुढं ते पातं बकरीनं खाल्लं काय नि चितळानं काय, हिमोंकस या रक्त पिणाऱ्या जंताला दोघंही चालतात.

मेलेल्या बकरीचं चौथं पोट मी कितीदा उघडलंय. आत लाल-पांढऱ्या पिळाच्या दोऱ्याचे तुकडे सांडावेत तसे हे जंत. लाल रंग असतो तो बकरीच्याच रक्ताचा. एक मादी दिवसाला हजारो अंडी घालते. बकरीची पापणी पांढरीफटक झाली, जबड्याखाली पाणी उतरलं, की मालकाला निदान कळतं तरी. चितळाची पापणी कोण उलटून बघणार? अशक्त चितळ रानकुत्र्यांनी धरलं की पुरावाही गेला.

वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३३-अ अभयारण्यात आणि भोवतीच्या ५ किलोमीटरमधल्या गुरांना लस टोचायची जबाबदारी मुख्य वन्यजीव रक्षकांवर टाकतं. लाळ्या-खुरकुतासाठी ते ठीक. जंतावर मात्र आपल्याकडे लस टोचत नाहीत, औषध पाजतात, आणि ते खातं दुसऱ्या मंत्र्यांचं.

म्हणून सरसकट औषध पाजा, असं मी म्हणत नाही. वजन न करता अंदाजानं पाजलेल्या अर्धवट मात्रेनं जंत निर्ढावतात. आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध शेणात उतरतं आणि शेणकिडे मरतात. जंगलात मिठाच्या चाटणातून औषध ठेवायची कल्पना तर कुणी सुचवली तरी ऐकू नका. कुठलं हरीण किती चाटेल याचा हिशेब कोण ठेवणार?

आधी तपासणी हवी. व्याघ्रगणनेत आपले वनरक्षक तृणभक्षींच्या लेंड्या मोजतातच. त्याच माणसांना पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात ताज्या लेंड्या डबीत भरायला सांगा, आणि त्याच बोडीवरच्या बकऱ्यांच्याही घ्या. नुसत्या सूक्ष्मदर्शकावर भागणार नाही. या जातीच्या बऱ्याच जंतांची अंडी एकसारखीच दिसतात, अळ्या वाढवून ओळखाव्या लागतात. नागपूरचं पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आणि त्याचं गोरेवाड्याचं वन्यजीव केंद्र जवळच आहे.

अहवालात जिथं जंत जास्त निघतील, त्या गावांत पशुसंवर्धनची गाडी आधी पाठवा, वजनकाटा घेऊन. दोन्ही खात्यांचा मिळून एक आदेश मृगाआधी निघाला तर या पावसाळ्यातच काम सुरू होईल.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
जि. चंद्रपूर