गुरुवारच्या ऑपरेशनबद्दल

ती. आई आणि बाबा,
सा. नमस्कार.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आई रडते, बाबा ‘बरं, नंतर बोलू’ म्हणून फोन ठेवतात आणि मग रात्रभर दोघंही जागे. पत्र निदान पुन्हा वाचता येतं. तर आधी मुद्द्याचं सांगते. येत्या गुरुवारी माझं ऑपरेशन आहे. दुर्बिणीतून, वजन उतरवायच्या बायपास ऑपरेशनच्या पोटावरच्या जुन्याच भोकांमधून. सगळं ठरलंय, दादाला माहीत आहे, तो बुधवारी रात्री येतोय. आता उरलेलं बसून वाचा. बाबा, आधी चष्मा शोधा.

मागच्या वेळी आले होते तेव्हा मी जेवता जेवता उठून आत गेले आणि ‘पित्त झालंय’ म्हणाले. आई, तुला ते तेव्हाच पटलं नव्हतं, तुझ्या तोंडावर दिसत होतं. जेवल्यावर थोड्या वेळाने डावीकडे बरगडीखाली पीळ पडतो आणि थेट पाठीत निघतो. गुडघे पोटाशी घेऊन पडलं की जरा बरं वाटतं. कधी अर्ध्या तासात सुटतो, कधी रात्र काढावी लागते. आणि सुटला की असा सुटतो, की खरंच दुखत होतं का, असं मलाच वाटावं.

सगळी पंचाईत तिथेच झाली. इमर्जन्सीत पोचून, नंबर लागून, सीटी होईपर्यंत पीळ गेलेला असतो. रक्त नॉर्मल, सीटी नॉर्मल. मग ‘गॅस आहे’, ‘घाईघाईत जेवत असाल’, ‘टेन्शन घेता का फार?’ एक तरुण डॉक्टर माझं पोट दाबत होता आणि बघत होता भिंतीवरच्या घड्याळाकडे. जाताना म्हणाला, ‘वजन मात्र छान उतरलंय हं, मॅडम.’ बाबा, मी त्याला काही बोलले नाही. तुम्ही बोलला असतात.

दुसऱ्या हॉस्पिटलात गेले तर ‘ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे जा’. त्यांच्याकडे गेले तर ते सर्जन तिथून सोडून गेलेले, आणि उरलेले म्हणतात पुढच्या महिन्यातली अपॉइंटमेंट घ्या. ऑपरेशनच्या आधी जी मुलगी मला दर आठवड्याला फोन करून ‘काही शंका आहे का?’ विचारायची, तिचा नंबर आता भलत्याच विभागात लागतो. पोटविकारतज्ज्ञांनी एंडोस्कोपी केली. पाऊच (म्हणजे जठराचा उरलेला छोटा भाग) चांगला, आतड्याशी जोड चांगला, अल्सर नाही, म्हणजे तुम्ही ठणठणीत. माझं दुखणं आतड्याच्या बाहेरच्या बाजूला आहे, तिथलं आतून घातलेल्या दुर्बिणीला दिसतच नाही, हे मला फार उशिरा कळलं. एकांनी शेवटी मानसोपचाराची चिठ्ठी दिली. मी गेले हो तिथेही. त्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘हे मनाचं वाटत नाही मला. तुम्ही सर्जन बदला.’ इतक्या पोटाच्या डॉक्टरांमधून वाट दाखवली ती मनाच्या डॉक्टरांनी!

नव्या सर्जन बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला. म्हणाल्या, ‘तो नंतर बघते. आधी दुखतं कसं ते सांगा.’ मग जुन्या सीटीची सीडी मागून घेतली आणि एकेक चित्र मागेपुढे करत बसल्या. एका जागी थांबल्या. आतड्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या तिथे गोल पिळलेल्या होत्या. मला करड्या रंगाशिवाय काही दिसलं नाही, पण रडू मात्र आलं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि तेच चित्र पुन्हा दाखवलं.

आई, तुला समजेल असं सांगते. माझ्या ऑपरेशनात जठराचा वरचा जेमतेम ३० मिलिलिटरचा भाग वेगळा करून त्याला आतडं खालून वर आणून जोडलंय. आतड्याला मागून एक पडदा असतो, त्यातूनच त्याचं रक्त येतं. आतडं असं वळवलं की त्या पडद्यांमध्ये फटी राहतात. तू कापड जोडताना शिवण एका टोकाला सुटी राहिली तर तिथून हात आरपार जातो ना, तसं. त्या फटीतून आतड्याचा वेढा पलीकडे सरकतो, पिळतो, दुखतं. पुन्हा अलीकडे आला की थांबतं. सीटी त्यानंतर काढला तर स्वच्छच येणार. याला इंटर्नल हर्निया म्हणतात. त्यातल्या एका फटीला पीटरसन नावाच्या सर्जनचं नाव आहे, त्याने १९०० साली तिच्याबद्दल लिहून ठेवलंय. तेव्हा हे दुखणं मी माझ्या डोक्यातून काढलेलं नाही.

गुरुवारी त्या आत बघतील, वेढा जागेवर आणतील आणि फटी न विरघळणाऱ्या टाक्यांनी बंद करतील. सगळं नीट असलं तर एक-दोन दिवसांत घरी. क्वचित आतड्याचा थोडा भाग काढावा लागतो, पण तसं वाटत नाही असं त्या म्हणाल्या. कदाचित त्या दिवशी आत काहीच अडकलेलं सापडणार नाही, तरी फटी शिवूनच बाहेर येतील. हे आत्ताच का, असं विचाराल. वेढा अडकून बसला तर आतड्याचं रक्त बंद होतं आणि मग हातात काही तासच असतात. मला ते मध्यरात्री, अनोळखी डॉक्टरसमोर पहिल्यापासून सगळं समजावत करायचं नाहीये. दिवसाढवळ्या, ठरवून, माझ्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाच्या हातून करायचंय. एवढंच.

आता बाबा, तुमच्यासाठी. पहिले सर्जन तुमच्या मित्राच्या ओळखीतले होते, त्यामुळे मी दुसरीकडे जाणं तुम्हाला अवघड वाटणार. वाटू देऊ नका. त्यांनी ऑपरेशन बिघडवलं असं माझं म्हणणं नाही, या सर्जन बाईंचंही नाही. फट हा या ऑपरेशनचा माहीत असलेला धोका आहे. आधी टाके घातले असले तरी वजन उतरून आतली चरबी कमी झाली की ती पुन्हा उघडू शकते. दुर्बिणीच्या ऑपरेशनात आत चिकटून कमी बसतं, म्हणून आतडं जास्त मोकळं हलतं, असंही त्या म्हणाल्या. माझा राग वेगळा आहे. करण्याआधी सगळे दारात उभे होते आणि नंतर एकही दार उघडं नव्हतं, त्याचा राग आहे. तो मी त्यांना लेखी कळवणार आहे, तुमच्या मित्राचं नाव न घेता. त्यावर आपण भांडायचं नाही.

आणि ‘तेव्हाच नको म्हटलं होतं’ हे मनात आलं तरी मला म्हणू नका. आत्याची शेवटची वर्षं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. आजोबांचंही माहीत आहे. माझी साखर कुठे गेली होती, रात्री श्वास अडकून मी कशी दचकून उठायचे, ते मशीन तोंडाला लावून झोपणं, सगळं आठवा. आता मशीन माळ्यावर आहे. साखरेच्या गोळ्या बंद आहेत. जिना चढून वर आले तर बोलता येतं. मी कुणाच्या सांगण्यावरून उडी मारली नव्हती. हे ऑपरेशन १९६६ पासून होतंय, बाबांना इतिहास लागतो म्हणून लिहिलं. आज पुन्हा विचारलंत तरी मी तेच करीन. फक्त नंतर हात कोण धरणार, ते आधी विचारून घेईन.

आई, तू शाळेच्या माझ्या स्कर्टाला दर वर्षी आतून पट्टी जोडून कंबर वाढवायचीस. वरून शिवण अशी की वर्गात कुणाला कळायचं नाही. घरातही कधी त्याचा उच्चार केला नाहीस. मला ते माहीत होतं गं. धुवायला टाकताना आतली बाजू वर यायची आणि नव्या कापडाचा रंग थोडा गडद दिसायचा. परवा कपाट आवरताना त्यातला एक मिळाला, तो मी ठेवून घेतलाय, मागू नकोस.

आणि बाबा, पोट दुखलं की तुम्ही तळहात पोटावर गोल फिरवत मला आकडे मोजायला लावायचात. मी कधी शंभरापर्यंत पोचले नाही, आधीच झोपायचे. हल्ली पीळ आला की मोजते. तीनशेच्या पुढे जाते, पण मोजते.

तरीही गुरुवारी तुम्ही यायचं नाही. रागावू नका. तुम्ही नको आहात असं मुळीच नाही. आईचे गुडघे, रात्रीचा प्रवास, वेटिंग रूममधल्या त्या खुर्च्या. बाबांना हॉस्पिटलच्या वासानेच प्रेशर वाढतं. तुम्ही बाहेर बसलेले असाल तर भूल देईपर्यंत मी तुमचाच विचार करीन, आणि मला त्या वेळी फक्त माझा विचार करायचा आहे. दादा आहे. माझी ती मोठ्याने हसणारी मैत्रीण आहे, ती नंतर पंधरा दिवस माझ्याकडेच राहणार आहे. खोली दोघींची आहे, खिडकीजवळची खाट मागितली आहे. माझी उशी मी नेणार. पहिल्यांदा घोट घोट पाणी, मग पातळ, मग घोटलेलं, मग मऊ. हे सगळं मला पाठ आहे, मागच्या वेळी केलंय. व्हिटॅमिनचा डबा भरून ठेवलाय. झाडांना पाणी घालायला शेजारच्या काकू आहेत. तुम्ही दोन आठवड्यांनी या, तेव्हा मी चालती-फिरती असेन आणि आपण तिघं गप्पा मारत बसू. तेव्हा यायलाच हवं.

दादाला सगळं लिहून दिलंय. ताप आला, नाडी १२०च्या वर जाऊन खाली येईना, पोट वाढत्या दुखण्याने ताठ झालं, तर कुणाची वाट न बघता थेट घेऊन यायचं, आणि तेही याच हॉस्पिटलात. एक कार्ड करून पर्समध्ये ठेवलंय: कोणतं ऑपरेशन झालंय, कोणत्या वेदनाशामक गोळ्या चालत नाहीत, आणि उलट्या चालू असतील तर ग्लुकोजच्या सलाइनआधी व्हिटॅमिन बी-१ द्या. बी-१चा शरीरातला साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. तो संपलेला असताना नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. एका रात्री सिस्टर डायक्लोफेनॅकचं, म्हणजे मला न चालणाऱ्या वेदनाशामकाचंच, इंजेक्शन भरून घेऊन आली होती. मी झोपेत असते तर दिलंच असतं. म्हणून कार्ड. त्याचा फोटो दादा तुम्हाला पाठवेल, तो नुसता बघून ‘छान’ लिहू नका. छापून फोनच्या डायरीत ठेवा.

आता तुमचं. बाबा, प्रेशरची गोळी सकाळचीच, ‘आज बरं वाटतंय’ म्हणून सोडायची नाही. माळ्यावरचं काही काढायला स्टुलावर चढायचं नाही. आई, गुडघ्यासाठी त्या गोळ्या उपाशीपोटी आणि स्वतःच्या मनाने घेणं बंद कर. माझं पोट वेगळं असलं तरी तुझंही लोखंडाचं नाही. डॉक्टरांना एकदा दाखव आणि त्यांनी काय सांगितलं ते मला सांग, तुला काय वाटलं ते नको. मावशीला गुरुवारनंतर सांगा. आधी सांगितलं तर सगळ्या गावाचे फोन मला येतील. बाबा, इंटर्नल हर्निया नेटवर शोधू नका. शोधणारच असाल तर दादाला शेजारी बसवून शोधा.

ऑपरेशन संपलं की दादा फोन करेल. चारच्या सुमारास करेल, उशीर झाला तर काळजी करू नका. आधीच्या पेशंटला वेळ लागला तर माझा नंबर पुढे सरकतो. फोन चार्जिंगला लावून ठेवा, सायलेंटवर नको. आणि दोघांनी वेळेवर जेवायचं. उपाशी राहायचं काम त्या दिवशी माझ्याकडे दिलेलं आहे.

तुमची,
ठमी

ता. क. बोलायचं असेल तर मंगळवारी फोन करा. बुधवारी नको, बुधवारी मला रडायचं नाहीये.