आवाजाला कुठं रंग असतो?

मिरज,
रविवार, रात्र

प्रिय दिप्या,

"कॉमेंट्री करणारा गोरा काय नि काळा काय, आवाजाला कुठं रंग असतो?" एवढं बोलून तू जेवायला उठलास आणि मी फोन हातात धरून धुसफुसत बसलो. तेव्हा उत्तर सुचलं नाही, म्हणून हे पत्र.

आधी तुझ्याच बाजूचा साक्षीदार उभा करतो. टोनी कोझियर, वेस्ट इंडीजचा कॉमेंटेटर. १९९७ साली वेस्ट इंडीजच्या मॅचेस रात्री लागायच्या, आठवतंय? बार्बाडोसला १२० करायच्या होत्या आणि आपण ८१वर आटपलो, तेव्हा तू रागानं केबलची वायर उपटलीस आणि काकांचा मार खाल्लास. तिकडच्या मॅचेसना कोझियरचा तो सावकाश, बेटांवरच्या हेलाचा आवाज असायचा. चेहरा क्वचितच दिसे. हा माणूस त्यांच्या काळ्या बॅट्समनसारखा, व्हिव्ह रिचर्ड्ससारखा दिसत असणार, असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो. निघाला बार्बाडोसचा गोरा! असा घोटाळा झालेले जगभर खूप आहेत. म्हणजे आवाजाला रंग नसेलही, पण ऐकताना आपणच तो लावून मोकळे होतो.

आता खुर्चीचं बघ. अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलच्या कॉमेंट्रीला दोन खुर्च्या असतात. एक जण खेळ पुढे नेतो, दुसरा मध्येमध्ये उलगडून सांगतो. दुसऱ्या खुर्चीवर बहुधा माजी खेळाडू, त्यामुळे तिथे कृष्णवर्णीय माणूस त्यातल्या त्यात लवकर पोचला. अर्व्ह क्रॉस हा जुना खेळाडू १९७५ सालीच सीबीएस या टीव्ही चॅनेलच्या स्टुडिओत बसला होता. पहिली खुर्ची मात्र मैदानात नाव कमावून मिळत नाही. गावातल्या छोट्या स्टेशनपासून चढत जावं लागतं, आणि प्रत्येक पायरीवर कुणीतरी 'ये' म्हणणारा लागतो. सुपर बोल, म्हणजे त्यांच्या फुटबॉलची वर्षाची फायनल, सुरू झाला १९६७ला. त्याची मुख्य कॉमेंट्री करणारा पहिला कृष्णवर्णीय माणूस ग्रेग गंबेल, आणि साल २००१! तोवर मैदानावरचे निम्म्याहून जास्त खेळाडू काळे होते. गंबेल स्वतः कधी व्यावसायिक खेळाडू नव्हता. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

माणूस बदलला म्हणून बोलणं बदलतं का, असं तू विचारशील. वेस्ट इंडीजचा जुना फास्ट बोलर नि नंतरचा कॉमेंटेटर मायकेल होल्डिंग, ८ जुलै २०२०चा, बघ. साउदम्प्टनची टेस्ट, पावसानं खेळ अडलेला, आणि इंग्लंडच्या स्काय चॅनेलवर हा सहा फुटी माणूस शांतपणे शाळेतल्या इतिहासाबद्दल बोलतोय. विजेच्या दिव्याचा शोध एडिसनचा, हे सगळ्यांना पाठ; पण त्यात कार्बनची तार ज्यानं टिकाऊ केली त्या लुइस लॅटिमरचं नाव कुणी शिकवलं? त्याच्याबरोबर एबनी रेनफोर्ड-ब्रेंटही बोलली, इंग्लंडच्या महिला संघातली पहिली कृष्णवर्णीय खेळाडू. दुसऱ्या दिवशी मुलाखतीत होल्डिंगला रडू आवरेना. नवरा फार काळा म्हणून त्याच्या आईशी तिच्या माहेरच्यांनी बोलणं टाकलं होतं. पावसाच्या वेळात एरवी काय दाखवतात? जुने हायलाइट्स. त्या दिवशी बॉक्समध्ये ही दोघं नसती, तर तेच दाखवलं असतं.

त्याच वर्षी डेन्मार्कच्या एका संस्थेनं युरोपातल्या ८० फुटबॉल सामन्यांची इंग्रजी कॉमेंट्री तपासली. गडद रंगाच्या खेळाडूचं कौतुक होतं ते ताकदीचं आणि वेगाचं. डोकं आणि मेहनत म्हटली की शब्द गोऱ्यांच्या वाट्याला. कुणी मुद्दाम करत नसेल. तोंडात बसलेले शब्द असतात, बाहेर पडतात.

आणि हे वाचून मला आपला अँब्रोज आठवला.

आपल्या गल्लीच्या टीममध्ये सगळ्यांत काळा तोच, म्हणून वेस्ट इंडीजच्या त्या उंच फास्ट बोलरवरून तो अँब्रोज. उंच होता असंही नाही. त्याला कायम "जोरात टाक रे, जोरात" आणि बॅटिंगला शेवटी. तो बिचारा कीपिंग मागायचा, आपण हसायचो. वरच्या गल्लीबरोबरच्या मॅचला, बॅट्समन आडवा मारतोय, मिडविकेटला मागे माणूस लाव, असं त्यानंच मला सांगितलं होतं. पुढच्याच बॉलला तिथे कॅच गेला. तू भिंतीवर बसून घसा फोडून कॉमेंट्री करत होतास, "कॅप्टनचं डोकं बघा, कॅप्टनचं डोकं!" आणि मी गप्प बसलो. त्याच्या पुढच्या ओव्हरला तू काय ओरडलास ते मला ऐकू येतंय अजून: "आली आली, एक्स्प्रेस आली!"

तेव्हा तुझी ती खुर्ची त्यानं कधी मागितली असती तर आपण दिली असती का रे? मला तरी वाटत नाही.

त्याचा नंबर तुझ्याकडे असेल तर पाठव. मी दोन दिवस डोकं खाजवतोय, त्याचं खरं नाव काय होतं?

तुझा,
अव्या