बरण्या ओव्हनमधून बाहेर काढा

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बोलताना आई सहज म्हणाली, की गॅससमोर अर्धा तास उभे राहिले की गुडघा बोलू लागतो, म्हणून चिकन आता फक्त सुट्टीच्या दिवशीच होते. तेव्हापासून मला राहून राहून त्या ओव्हनची आठवण येते आहे, जो मी हौसेने आणून दिला आणि ज्यात मागच्या भेटीत मला सात रिकाम्या बरण्या आणि एक जुनी किसणी सापडली. बाबा, बरण्या जपून ठेवण्याला माझा विरोध नाही. पण आईच्या गुडघ्यावरचा सर्वांत सोपा उपाय त्या बरण्यांनी अडवून ठेवला आहे, एवढेच मला या पत्रात सांगायचे आहे.

मी आठवड्यातून एकदा तरी टोमॅटोच्या सॉसमध्ये चिकन भाजते. कामावरून दमून आल्यावर मला जमते, तेव्हा तुम्हालाही जमेल. दोघांना पुरून दुसऱ्या दिवशीही थोडे उरेल असे प्रमाण सांगते: हाडासकट मांडीचे चार तुकडे, म्हणजे साधारण ६०० ग्रॅम, पिकलेले टोमॅटो अर्धा किलो, एक मोठा कांदा, लसणाच्या पाच पाकळ्या, तेल दोन मोठे चमचे, मीठ, मिरपूड आणि चिमूटभर साखर. ओव्हन २०० अंश सेल्सिअसवर लावून द्यावा, आणि तो तापेपर्यंत टेबलापाशी बसूनच टोमॅटो-कांदा जाडसर चिरून घ्यावा. चिकन सोडून बाकी सारे पसरट भांड्यात कालवून आधी वीस मिनिटे भाजावे. मग भांडे बाहेर काढून चमच्याच्या पाठीने टोमॅटो ठेचावेत, मीठ-मिरपूड चोळलेले तुकडे वर मांडावेत आणि पुन्हा चाळीस मिनिटे आत ठेवावे. सगळे मिळून तास-सव्वा तास लागतो हे खरे, परंतु त्यात उभे राहण्याची वेळ दहा मिनिटांच्या वर जात नाही.

आधी नुसते टोमॅटो का भाजायचे, असे आई विचारणारच. टोमॅटोमध्ये शंभरातले चौऱ्याण्णव-पंचाण्णव भाग पाणीच असते आणि कच्च्या टोमॅटोवर थेट चिकन ठेवले, तर ते पाणी आणि चिकनला सुटणारे पाणी एकत्र होऊन भांड्यात पातळ, आंबट रस्सा तयार होतो, भाजलेपणा कुठेच येत नाही. भांडे खोलगट नको, पसरट हवे, तेही याचसाठी. तुकडे सॉसमध्ये बुडवायचे मात्र नाहीत. बुडालेला भाग पाण्याच्या उकळबिंदूच्या पुढे तापत नाही, म्हणजे तो उकडला जातो. सॉसच्या वर राहिलेली कातडी तेवढी कोरडी होऊन तांबूस, खरपूस होते. खालची बाजू मऊ आणि वरची खमंग, ही या पदार्थाची सगळी गंमत आहे. घाई असेल त्या दिवशी टोमॅटोची तयार प्युरी वापरली तरी चालते. केचप मात्र नको. त्यातली साखर आणि व्हिनेगर मिळून जेवणाची चव बिघडवून टाकतात.

मांडीचेच तुकडे घ्या, हा माझा हट्ट समजा. पहिल्यांदा मी छातीचे बोनलेस तुकडे घेतले होते, कारण ते दिसायला नेटके असतात. तेही मी याच हिशोबाने चाळीस मिनिटे ठेवले आणि ताटात जे आले त्याचे सुरीने कापल्यावर दोरे निघत होते. सॉस अप्रतिम आणि आत भुसा, अशी अवस्था. छातीच्या मांसात चरबी कमी आणि स्नायूंना बांधून ठेवणारे कोलाजेनही कमी, त्यामुळे थोडा वेळ जास्त झाला की त्याचा ओलावा जातो, आणि त्याची भरपाई करायला आत काही नसते. मांडीत हे कोलाजेन भरपूर असते आणि ते सावकाश तापून विरघळते, म्हणून दहा मिनिटे इकडेतिकडे झाली तरी मांडी उलट अधिक मऊ होते. बाबा, तुमची कवळी बसवल्यापासून तुम्ही मांस चावताना कपाळाला आठ्या घालता, ते मी पाहिले आहे. या चिकनला चमचाही पुरतो.

आता बाबांची जुनी शंका: आतून कच्चे राहिले तर? गॅसवर आपण तुकडा मोडून रंग पाहतो, पण इथे टोमॅटोने सगळेच लाल केलेले असते आणि हाडाजवळचा भाग पूर्ण शिजल्यावरही कधीकधी गुलाबी दिसतो, त्यामुळे डोळ्यांवर विसंबता येत नाही. त्यासाठी मी सुईसारखे टोक असलेला स्वयंपाकाचा थर्मामीटर पाठवते आहे. तो तुकड्याच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता, खुपसायचा. ७४ अंश दिसले की चिकन खाण्यास सुरक्षित झाले. मांडी मात्र ८० ते ८५ पर्यंत जाऊ द्यावी, कारण खरा मऊपणा तिथे येतो. बाबांना आकडे टिपून ठेवण्याची आवड आहेच, तेव्हा हे खाते त्यांच्याकडे.

आणि आई, एका बाबतीत मी तुझ्याशी वाद घालणार आहे. कच्चे चिकन नळाखाली तीन-तीनदा धुऊ नकोस. धुतल्याने जंतू जात नाहीत, ते शिंतोड्यांबरोबर ओट्यावर, नळावर आणि शेजारी चिरून ठेवलेल्या भाजीवर पसरतात. ते मरतात ओव्हनच्या उष्णतेने. कागदाने टिपून घे, कागद टाकून दे आणि हात साबणाने धू. तुला हे पटणार नाही हे मला ठाऊक आहे, तरीही लिहिते.

भांडे काचेचे असेल तर ते ओव्हनसाठीचेच आहे ना, हे तळाशी पाहून घ्या. साधे ॲल्युमिनियमचे भांडे टोमॅटोच्या आंबटपणाला टिकत नाही, सॉसला धातूची चव येते. काचेचे भांडे फ्रिजमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये जाता कामा नये आणि ओव्हनमधून निघालेले भांडे ओल्या ओट्यावर तर मुळीच ठेवू नये. हे मी अनुभवाने सांगते. ओट्यावर जेमतेम तळहाताएवढे पाणी सांडलेले होते. भांडे टेकवले, टक् असा बारीक आवाज आला, आणि पाहता पाहता मधोमध चीर जाऊन सगळा सॉस फडताळाच्या दारावरून खाली ओघळला. त्या रात्री मी ब्रेड खाऊन झोपले. जाड, कोरडे फडके घडी करून आधीच मांडून ठेवत जा.

मिठाचा हात आखडता ठेवला तरी चालेल, कारण भाजलेल्या टोमॅटोला स्वतःची चव भरपूर असते; तयार प्युरी वापरलीत तर तिच्यात मीठ आधीच घातलेले आहे का, ते बाटलीवर वाचून मगच वरून घाला, बाबांच्या रक्तदाबासाठी तेवढे कराच. भांडे बाहेर काढल्यावर पाचसात मिनिटे तसेच राहू द्या. उरलेले चिकन दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावे आणि तीन दिवसांत संपावे. दुसऱ्या दिवशी सॉस अधिक मुरलेला असतो. मला तर तो शिळाच जास्त आवडतो, त्यातले मांस सोडवून गरम भातात कालवले की वेगळा स्वयंपाक लागत नाही.

येत्या बुधवारी संध्याकाळी मीही हेच करणार आहे. सात वाजता फोन लावते. तुमचे भांडे आत गेले की आपण तिघे चाळीस मिनिटे निवांत बोलू. त्याआधी बाबांनी बरण्या हलवाव्यात, मात्र त्या ओव्हनच्या डोक्यावर रचू नयेत, कारण तो वरूनही चांगलाच तापतो.

तुमची,
लेक