साहेब, खुर्च्या वाढवाल; पण काट्याचं काय?

३० ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. केंद्रीय विधी व न्याय मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : लोकसभेच्या जागा, मुदत आणि मतं मोजायची रीत

महोदय,

सप्रेम नमस्कार. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून एका पानात आटपायचं ठरवलं होतं. ते जमणार नाही असं दिसतंय, तेव्हा माफी आधीच मागून ठेवतो.

मी एका सहकारी साखर कारखान्यात छत्तीस वर्षं वजनकाट्यावर काढली. २०१० ला निवृत्त झालो. जन्म १९५२ चा, म्हणजे पहिली लोकसभा आणि मी एकाच वर्षी आलो. ती दर निवडणुकीला नवी होऊन येते. माझं तसं काही होत नाही.

पत्राला निमित्त असं. गेल्या वर्षी प्रचाराला आलेल्या आमच्या उमेदवाराने देवळासमोरच्या पारावर आम्हा ईपीएस-९५ च्या, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतल्या, पेन्शनरांना शब्द दिला होता, "तुमचा प्रश्न संसदेत मांडतो. नाही मांडला तर दारात उभं करू नका." निवडून आले. परवा पावसाळी अधिवेशन चालू असताना त्यांच्या स्वीय सहायकाचा फोन आला, "काका, प्रश्न लागलाय. तारांकित आहे, म्हणजे मंत्री तोंडी उत्तर देणार. टीव्ही लावून बसा." आम्ही सात म्हातारे माझ्या घरी जमलो. नातवाने संसद टीव्ही लावून दिला. अकराला सभागृह सुरू झालं, फलक वर आले, घोषणा झाल्या, 'बैठ जाइए, बैठ जाइए' झालं, आणि आत चहाला उकळी फुटायच्या आधी कामकाज तहकूब. सातही जणांनी तो चहा मग न बोलता प्यायला.

या अधिवेशनात लोकसभेत ४१९ तारांकित प्रश्न होते, तोंडी उत्तर मिळालं ५५ प्रश्नांना. आमचा उरलेल्यांत गेला. चर्चा १२० तास व्हायची ठरली होती, झाली ३७ तास. हे मी म्हणत नाही, अध्यक्षांनीच सांगितलं. सहायकाला पुन्हा फोन केला तर तो काय म्हणाला ऐका : "काका, पंचवीस लाखांमागे एक खासदार. साहेबांनी कुणाकुणाचं बघायचं?"

वाक्य खरं आहे, म्हणूनच झोंबलं. त्या रात्री नातवाची वही घेऊन हिशोब मांडला. देश १४० कोटींच्या पुढे गेला, खासदार ५४३. भागा. पंचवीस लाखांच्या वर येतं. १९५२ ला निवडून द्यायच्या जागा होत्या ४८९ आणि देश होता ३६ कोटींचा, म्हणजे खासदारामागे सुमारे साडेसात लाख. बिलायतेत सात कोटींच्या आत माणसं आणि खासदार ६५०. तिथला खासदार मतदाराच्या पत्राला उत्तर देतो म्हणतात. आमच्याला पत्र पोचलं हे कळायलाच एक निवडणूक जाते.

राज्यांच्या वाट्याला किती जागा, हे आजही १९७१ च्या जनगणनेवर ठरलेलं आहे. तेव्हा आपण ५५ कोटीसुद्धा नव्हतो. १९७६ ला ४२ वी घटनादुरुस्ती करून आकडा गोठवला, ८४ व्या दुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत पुन्हा गोठवला. गोठवण्यात आपला हात कुणी धरू नये. आमची किमान पेन्शनही सप्टेंबर २०१४ ला हजार रुपयांवर अशीच गोठलेली आहे. आम्ही साडेसात हजार आणि महागाई भत्ता मागून मागून घसा कोरडा केला.

तर आता जागा वाढणार, असं दिसतंय. नव्या संसद भवनात लोकसभेला ८८८ आसनं बांधून २०२३ लाच उद्घाटन झालं. जनगणनेची तारीख पडली आहे १ मार्च २०२७. म्हणजे आधी खुर्च्या, मग माणसांची मोजणी. लग्नाचा मांडव घातला, मुलगी बघायला नंतर जाऊ.

जागा वाढायला माझा विरोध नाही, उलट मागणी आहे. पण दोन गोष्टी सांगा. आम्ही दोन पोरांवर थांबलो. दवाखान्याच्या भिंतीवर लाल त्रिकोण रंगवून सरकारनेच सांगितलं होतं थांबायला. ज्या राज्यांनी ऐकलं त्यांचा वाटा कमी आणि ज्यांनी नाही ऐकलं त्यांचा जास्त, असं होणार की नाही, हे कायद्यात लिहा. सभेतल्या आश्वासनाला आमच्याकडे काय किंमत आहे ते वर सांगितलंच. दुसरी गोष्ट, ३७ तासांची मिनिटं होतात २२२०. ती ५४३ जणांत वाटली तर माणशी चार मिनिटं, ८८८ जणांत अडीच. माणसं वाढवून सभागृह चालणार नसेल तर वाढीव खासदाराने तिथे जाऊन करायचं काय, बाक गरम? पहिली लोकसभा पाच वर्षांत ६७७ दिवस बसली, सतरावी २७४ दिवस. आमच्या कारखान्यात गळीत हंगाम इतका आखडला असता तर कामगार आयुक्तांनी नोटीस काढली असती. वर्षाला किमान इतके दिवस बसलंच पाहिजे, असं घटनेत घाला की. तेवढी एक दुरुस्ती तुम्हाला कधीच का सुचत नाही?

मुदतीचं म्हणाल तर तिथेही तुमची गंमत आहे. आणीबाणीत पाचाची सहा वर्षं केली, जनतेने हाणल्यावर ४४ व्या दुरुस्तीने परत पाच केली. आता १२९ वं दुरुस्ती विधेयक. एक देश, एक निवडणूक. कोविंद समितीने १८,६२६ पानांचा अहवाल दिला. मी काही तो वाचलेला नाही, कुणी वाचला असेल त्याला माझा दंडवत. विधेयकाचा मतलब मला समजला तो असा : लोकसभा मध्येच पडली तर नवी येईल ती फक्त उरलेल्या मुदतीपुरती. चौथ्या वर्षी सरकार पडलं तर आम्ही रांगेत उभं राहून शाई लावून घेऊन जे निवडणार ते वर्षभराचं. भाड्याच्या खोलीचा अकरा महिन्यांचा करार असतो तसं. त्यात नवं सरकार भिंतीला रंग तरी लावेल का?

आणि हे कोण सांगतंय? ज्यांच्या राज्यात आमच्या महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदा आणि महापालिका २०२२ पासून प्रशासकांच्या हाती आहेत ते. माझी सून पंचायत समितीची सदस्य होती, तिची मुदत संपून तीन वर्षं झाली. न्यायालयाने मे महिन्यात चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हटलं, ते चार महिने संपत आले. एक देश एक निवडणूक म्हणता, साहेब, आमच्याकडे ती एकसुद्धा नाही. तिला सप्टेंबर २०२३ ला पेढे वाटताना पाहिलंय मी, संसदेत बायकांना एकतृतीयांश जागा मिळाल्या म्हणून. पेढे संपले तेव्हा कळलं की आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, मग बायका.

आता मुद्द्याचं.

काट्यावर एक म्हातारा शेतकरी यायचा. एकदा त्याने ट्रॉली बाहेरच्या खाजगी काट्यावर वजन करून आणली आणि ती पावती माझ्यासमोर ठेवली. आमच्या काट्यावर तीन क्विंटल कमी भरलं. मला म्हणाला, "तू लबाड नसशील रे, काटा लबाड असंल." मी चिडलो. रात्री पाळी संपल्यावर प्रमाणित वजनं काढून काट्याच्या चारी कोपऱ्यांवर ठेवून पाहिली. एका कोपऱ्यावर काटा कमी दाखवत होता. त्या कोपऱ्यावर ज्याचा भार जास्त पडेल त्याचा ऊस मारला जाई, आणि पावती छापील, सहीशिक्क्याची. सकाळी वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, हंगाम संपू दे, मग बघू.

हे मतदान यंत्राबद्दल नाही, लगेच दचकू नका. यंत्रातला आकडा मी बरोबर धरतो. मी बोलतोय त्या आकड्याची जागा करायच्या नियमाबद्दल, ज्याला सगळ्यात जास्त मतं तो आला, बाकीची मतं चिपाडासारखी बॉयलरला. १९८४ ला काँग्रेसला ४९ टक्के मतांत ४०० च्या वर जागा. २०१४ ला भाजपला ३१ टक्के मतांत २८२. त्याच २०१४ ला बसपाला सव्वादोन कोटींहून जास्त मतं आणि खासदार शून्य. २०२४ ला मुंबई उत्तर-पश्चिमची जागा ४८ मतांनी ठरली, एका एसटीत बसतील एवढी माणसं. हरलेल्या बाजूची लाखो मतं गेली कुठे? आमच्याकडे तर मी १९७७ पासून मत देतोय आणि माझं मत दोनदाच जिंकलं. बाकी वेळा मी फक्त बोट काळं केलं.

यावर तुमचा पाठ केलेला जवाब असतो की दुसरी पद्धत सामान्य माणसाला समजणार नाही. थांबा जरा. येत्या ९ सप्टेंबरला उपराष्ट्रपतींची निवडणूक आहे. तिथे तुम्ही स्वतः मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहिणार. राष्ट्रपती पसंतीक्रमाने, राज्यसभा पसंतीक्रमाने. इतकंच काय, माझी मुलगी विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात आयोगाने दिलेल्या जांभळ्या पेनने १, २, ३ लिहून येते. म्हणजे पदवीधराला पहिली-दुसरी पसंती कळते, आमदार-खासदाराला कळते, काट्यावर आयुष्यभर किलोचा हिशोब ठेवणाऱ्याला मात्र कळणार नाही?

जानेवारी १९४९ मध्ये घटना समितीत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी मतांच्या प्रमाणात जागा द्या, हा मुद्दा मांडला होता. बाबासाहेबांनी विरोध केला. लोक साक्षर नाहीत आणि सभागृहाचे तुकडे पडून सरकार टिकणार नाही, ही त्यांची कारणं. त्या वेळी ती रास्त होती, १९५१ ला साक्षरता होती १८ टक्के. २०११ ला ७४ टक्के झाली. कारण गेलं, नियम राहिला. आणि सरकार टिकण्याचं म्हणाल तर याच पद्धतीत १९९६, १९९८ आणि १९९९ अशा तीन निवडणुका आम्ही चार वर्षांत केल्या, त्यातलं एक सरकार एका मताने पडलं. तो कुठला भक्कमपणा?

बरं, मी काही अख्खी पद्धत उपटा म्हणत नाही. तुमच्याच विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात मधला रस्ता सांगितला आहे : आहेत त्या जागा तशाच राहू देत, वर पंचवीस टक्के जागा वाढवा आणि त्या पक्षांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणात भरा. जर्मनी, न्यूझीलंड यांच्याकडे मिश्र पद्धत आहे. शेजारच्या नेपाळात २७५ पैकी ११० जागा प्रमाणात भरतात. जागा वाढवायच्याच आहेत ना तुम्हाला? मग वाढीव जागांना हा नियम लावा. अहवाल तुमच्याच खात्यात असेल. सव्वीस वर्षांची धूळ झटकायला माणूस नसेल तर मी येतो, रेल्वेचं स्लीपरचं तिकीट काढून द्या.

पण तुम्ही येऊ द्यायचे नाही. ट्रॉल्या किती लावायच्या ते तुम्ही ठरवणार, हंगाम किती दिवसांचा तेही तुम्ही ठरवणार, आणि काट्याचा विषय निघाला की, हंगाम संपू दे, मग बघू. काटा ज्याच्या बाजूला झुकतो तो कधी काटा तपासतो का? आज हे, काल ते. सत्तेत नसताना सगळ्यांनाच काटा वाकडा दिसतो, ट्रॉली रिकामी करून झाली की सरळ दिसायला लागतो.

माझी पेन्शन २१३७ रुपये आहे. माझ्या शेजारच्या ऑइलमनची बरोबर १०००. निवृत्तीपर्यंत माझ्या नावावर दरमहा ४१७ आणि पुढे ५४१ रुपये जमा होत राहिले. यंदा मार्चमध्ये खासदारांचा पगार लाखाचा सव्वा लाखाच्या घरात गेला, माजी खासदारांची पेन्शन २५,००० ची ३१,००० झाली, तीही एप्रिल २०२३ पासून मागील तारखेने. महागाईचा निर्देशांक वाढला म्हणे. आमच्या वाण्याकडे तो निर्देशांक पोचलेला नाही बहुतेक, तेल मात्र पोचलं. त्या वाढीच्या वेळी सभागृह तहकूब झाल्याचं काही ऐकण्यात नाही.

गेल्या वर्षी माझी पेन्शन दोन महिने अडकली. हयातीच्या दाखल्यासाठी सेवा केंद्रात गेलो, अंगठा लागेना. वय झालं की रेषा पुसट होतात. पोराने अंगठा ओल्या फडक्याने पुसला, मग खोबरेल लावलं, मग दुसरा अंगठा, मग बोटं. यंत्र म्हणे, जुळत नाही. मी समोर उभा, श्वास चालू, आणि पडद्यावर लाल अक्षरं. हिच्या गुडघ्याच्या गोळ्या त्या दोन महिन्यांत उधारीवर आणल्या. मे महिन्यात याच हाताच्या बोटाला शाई लावताना मात्र कुणाला काही जुळायची अडचण आली नव्हती.

तेव्हा मागण्या आहेत त्या वर आल्याच. जमल्यास उत्तर द्या, मराठीत दिलं तर मला वाचता येईल. आमच्या प्रश्नाचं लेखी उत्तर अर्धं पान इंग्रजीत आलं होतं, नातवाने वाचून दाखवलं. किमान पेन्शन २०१४ पासून १००० रुपये आहे, असं त्यात लिहिलं होतं.

आपला,
एक निवृत्त काटा कारकून

ता. क. : नोव्हेंबरात पुन्हा हयातीचा दाखला द्यायचा आहे. उत्तर त्याआधी आलं तर बरं.