सुभेदारसाहेब, तुम्ही आम्हाला खरं सांगितलं

आदरणीय सुभेदारसाहेब,
सादर नमस्कार.

माझा मुलगा अग्निवीर म्हणून भरती झाला. पेढे तुमच्याकडे पोचवले, पण तेवढ्यानं माझं समाधान होईना. म्हणून चार लोकांनी वाचावं असं हे पत्र लिहिते आहे.

पुलगावचा दारूगोळा डेपो जवळ, त्यामुळे फौजी गाड्या आम्ही लहानपणापासून पाहत आलो. फौजेत जायचं कसं, हे सांगणारं मात्र कोणी नव्हतं. २०२२ मध्ये फौजेत चार वर्षांसाठी भरती करणारी अग्निपथ योजना आली तेव्हा गावात नुसत्या अफवा. कोणी म्हणे पोट्टे चार वर्षांनी घरी बसतील, कोणी म्हणे जन्माचं कल्याण होईल. तुम्ही आम्हा मायबापांना मारुतीच्या पारावर बसवलं आणि फळ्यावर हिशेब मांडला. पहिल्या वर्षी महिन्याला ३०,०००. त्यातले ९,००० सेवा निधीत, म्हणजे सुटताना मिळणाऱ्या ठेवीत, हातात २१,०००. निधीत सरकारची तेवढीच भर, चार वर्षांनी व्याजासकट सुमारे ११.७१ लाख. शंभरातले जास्तीत जास्त २५ कायम होणार. बाकीच्यांना पेन्शन नाही. या शेवटच्या ओळीखाली तुम्ही दोनदा रेघ ओढली.

भरतीच्या नावानं पैसे मागणारे आपल्या भागात कमी नाहीत. ‘यादी मेरिटवर लागते, कोणाला एक रुपया देऊ नका,’ हे तुम्ही घरोघरी जाऊन सांगितलं. आमच्या शेजाऱ्यांचं वावर त्यामुळेच गहाण पडता पडता वाचलं.

धुऱ्यालगतचा रस्ता टेपनं मोजून तुम्ही १६०० मीटरची खूण केली. साडेपाच मिनिटांत आला तर ६० गुण, दहा पुल-अप्सचे ४०, हे पोट्ट्यांना पाठ झालं. दोन कडुनिंबांमध्ये जुन्या बोअरचा पाइप बांधून बीम केला, लांब उडीसाठी नऊ फुटी खड्डा खणला. पण २०२३ पासून आधी लेखी परीक्षा, तीही कॉम्प्युटरवर. मोबाइल सगळ्यांकडे, माऊस कोणी धरलेला नव्हता. तुम्ही घरचा कॉम्प्युटर ओट्यावर आणून ठेवला. माझा मुलगा माऊस हवेत उचलून फिरवत होता. तुम्ही त्याचा हात धरून टेबलावर टेकवला, अंगणवाडीत मी लेकरांचा हात पाटीवर धरते तसा.

‘धावण्यात मी पहिला, गणित कशाला?’ असं तो विचारायचा. तुम्ही नागास्त्र-१ ची गोष्ट सांगितली. आपल्या नागपुरात बनलेलं, २०२४ मध्ये फौजेच्या हाती पडू लागलेलं नऊ किलोंचं ड्रोन. जवान ते सोबत नेतो, ते लक्ष्यावर जाऊन फुटतं, आणि हल्ला रद्द झाला तर पॅराशूटनं परत उतरवता येतं. ‘मी इन्सास रायफल घेऊन ड्युटी केली. तुमच्या हातात हे येईल. अंतर, उंची, वारा कळायला नको?’ त्या रात्रीपासून तो स्वतःहून गणितं सोडवायला बसू लागला.

चार वर्षं मला आजही कमी वाटतात. असली यंत्रं शिकलेली पोरं इतक्या लवकर घरी पाठवणं पटत नाही. हे मी तुमच्यासमोर बोलले, तेव्हा तुम्ही माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि सुटून येणाऱ्यांनी पुढं काय शिकायचं, ते वहीत लिहून दिलं. ज्यांची निवड झाली नाही त्यांनाही सोडलं नाहीत, पोलीस भरतीच्या तयारीला लावलं.

फी तुम्ही घेत नाही. म्हणून आम्ही पालकांनी ठरवलंय, दिवाळीच्या आधी धावण्याच्या रस्त्यावर मुरूम टाकायचा. पावसाळ्यात तिथं पाय रुततात. दोन ट्रॉल्या सांगून ठेवल्या आहेत, कृपा करून नाही म्हणू नका.

तुमची,
एका अग्निवीराची आई